ओवा, खुरासणी

"ओचा धर," मामंजी म्हणाले.

मी दारातच थांबले. ते पलंगावर गुडघ्यांवर उभे होते. धोतराचा सोगा सुटून खाली लोंबत होता आणि पलंगामागच्या भिंतीवरून ते दोन बोटांनी काहीतरी अलगद खुडत होते. भिंतीवर चुना होता आणि एक कॅलेंडर होतं. खुडण्यासारखं काही नव्हतं.

"धर ना गं. काळी काळी देतो. तांबडी आंबट असतात."

मी जवळ गेले तशी त्यांनी मूठ माझ्या पदरावर उघडली. मूठ रिकामी होती. पण त्यांनी ती इतक्या जपून उघडली की मी नकळत पदर पुढे केला. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता, ओठ कोरडे पडून एकमेकांना चिकटत होते, आणि डोळ्यांत नुसती काळी बाहुली उरली होती, एवढी मोठी. दोन महिन्यांत ज्या माणसानं मान वर करून माझ्याकडे कधी नीट पाहिलं नव्हतं, तो माझ्या तोंडाकडे एकटक बघत होता आणि हसत होता.

"मामंजी, काय होतंय? पडून राहा बघू."

"आईला सांगू नकोस. करवंदानं खोकला होतो म्हणेल." मग त्यांचा आवाज एकदम उतरला. "कुमुद, तू दारात का उभी? एवढ्या उन्हाची आलीस. आत ये ना, बाळ."

घरात कुमुद नावाचं कुणी नव्हतं. मी घाबरून मागे वळून पाहिलं. दारात कुणी नव्हतं. वर पंखा गरगरत होता, आणि मामंजी आता त्याच्या पात्यांकडे हात उंचावून तिथलीही करवंदं खुडायला लागले. आणि पाऊण तासापूर्वी या माणसाला मीच औषध दिलं होतं. चांगलं चमचाभर.

हे चौऱ्याऐंशी सालच्या मे महिन्यातलं. गाव घोटी, नाशिक जिल्ह्यातलं. लग्न होऊन मला जेमतेम दोन महिने झाले होते. आमचे हे सातपूरच्या एका कारखान्यात होते, शनिवारी यायचे आणि सोमवारी सकाळच्या गाडीनं परत जायचे. मधले दिवस घरात आम्ही तिघंच. मी, मामंजी आणि आत्याबाई. आत्याबाई म्हणजे सासूबाई. माझं माहेर कराडचं, आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात, आणि ते ऐकून इथल्या बायकांची करमणूक व्हायची. करमणुकीला त्यांना पुष्कळ होतं. इथं पातेल्याला भगुनं म्हणत. पहिल्याच आठवड्यात आत्याबाईंनी "ते भगुनं दे" म्हटलं, तर मी टोपली नेऊन हातात दिली. चार घरांत ती गोष्ट झाली. त्यानंतर मी शहाणी झाले. शब्द कळला नाही तरी मान डोलवायची. नव्या सुनेनं "म्हणजे काय" असं विचारायचं तरी किती वेळा?

मामंजी हेडमास्तर म्हणून निवृत्त झाले होते, पण ते फक्त शाळेतून. वर्तमानपत्र वाचतानाही त्यांच्या हातात तांबडी पेन्सिल असे. माहेरी लिहिलेलं माझं पहिलं पत्र त्यांनी पेटीत टाकण्याआधी वाचलं आणि मला परत दिलं. "सूनबाई, तुमच्या कराडला विरामचिन्हांचा दुष्काळ आहे काय? पूर्ण पत्रात एक स्वल्पविराम नाही." मी ते पुन्हा लिहिलं.

त्यांची खुर्ची पडवीत, बरोबर दारासमोर. बाहेर जायचं तर त्यांच्यासमोरून जायला लागे. आत्याबाईंनी चप्पल घातली की प्रश्न यायचाच. "कुठे?" आणि लगेच "किती वेळ?" सांगितलेल्या वेळेपेक्षा पाच मिनिटं जास्त झाली की ते काही बोलत नसत, नुसतं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत. आत्याबाई पंचावन्न ओलांडलेल्या होत्या, पण तेवढ्यानं त्यांचा चेहरा उतरायचा.

या सगळ्या दराऱ्याला एकच खोट होती. मामंजींचं पोट. दोन घास जास्त गेले की गुबारा धरायचा, कळा यायच्या. डॉक्टरचं नाव काढलं तर म्हणत, "पोटाचं औषध स्वयंपाकघरात असतं, दवाखान्यात नसतं." ओवा भाजायचा, सैंधव आणि हिंग घालून खलबत्त्यात कुटायचा, आणि ती पूड कोमट पाण्याबरोबर द्यायची. खोटं कशाला सांगू, गुण यायचा. अर्ध्या तासात पडवीतून ढेकर ऐकू आली की आम्ही दोघी स्वयंपाकघरात मोकळेपणानं बोलायला लागायचो.

त्या सोमवारी पूड संपत आली होती. आत्याबाईंना लिहिणं फारसं जमत नसे, म्हणून त्या सांगत आणि मी यादी लिहीत असे.

"लिही. ओवा. खुरासणी. हिंग. सैंधव. गूळ."

खुरासणी म्हणजे काय, मला ठाऊक नव्हतं. मी मान डोलावली आणि लिहिलं. चिठ्ठी घेऊन आत्याबाई स्वतः मोतीशेठकडे गेल्या. मोतीशेठचं दुकान पुढून किराण्याचं आणि मागून काष्ठौषधीचं, म्हणजे पुढे गूळ-साखर आणि मागे मुळ्या, साली, बिया. घोटीतले निम्मे आजार तिथंच बरे व्हायचे.

मंगळवारी सकाळी आत्याबाईंनी खलबत्ता स्वतःजवळ ओढून घेतला. एरवी ते काम माझं असे. मला त्यांनी दुसरं काम दिलं, बारीक काळ्या चकचकीत बिया भाजून चटणी करायची. कारळं! मला माहेर भेटल्यासारखं झालं. इथली माणसंही कारळ्याची चटणी खातात तर. मी ते मनातच ठेवलं, बोलले असते तर पुन्हा काहीतरी हसण्यासारखं निघालं असतं. लसूण आणि मिरची घालून मी चटणी अशी झकास कुटली की हात झोंबायला लागले.

जेवणात मामंजींना मऊ भात आणि ताक, चटणीबिटणी त्यांना वर्ज्यच. वरून आत्याबाईंनी चिमूटभर पूड पाण्यातून दिली आणि ते आत जाऊन आडवे झाले. आम्ही दोघी जेवायला बसलो. भाकरी, पिठलं आणि चटणी. आत्याबाईंचं जेवणात लक्ष नव्हतं. घड्याळाकडे बघत त्यांनी अर्धी भाकरी कशीबशी संपवली आणि दळणाचा डबा कडेवर घेतला.

"झोपतील आता. उठवू नको. काही मागितलं तर मी आल्यावर देईन म्हण."

आतून आवाज आला, "कुठे?"

"दळण घेऊन."

"किती वेळ?"

"गर्दी राहील. वेळ लागेल थोडा."

त्या गेल्या. पंधरा-वीस मिनिटं गेली असतील.

"सूनबाई, ओवा आणा."

"आत्याबाई आल्यावर देते म्हणाल्यात."

"ती येईपर्यंत मी मरू काय?"

मी फळीवर पाहिलं. ओव्याची बरणी रिकामी होती. तिच्यामागे कागदाची एक पुडी दुमडून ठेवलेली होती, उघडली तर आत ताजी कुटलेली पूड. वास ओव्याचाच. चिमूट घेऊन गेले तर मामंजी उचकले. "चिमटीनं काय होतंय? ती मघाशी चिमूटच देऊन गेली. कळ थांबली का? चमचा भरून आणा."

हेडमास्तरांचा हुकूम. मी चमचा भरला.

आणि आता ते पंख्यावरची करवंदं खुडत होते.

मी धावले. डोक्यावरचा पदर कुठे गेला कळलं नाही. समोर रस्त्यापलीकडे डॉक्टर सोनजेंचा दवाखाना होता. ते जेवायला बसणार होते, तसेच माझ्याबरोबर निघाले. त्यांनी मामंजींच्या पापण्या वर करून पाहिल्या, नाडी धरली आणि माझ्याकडे वळून विचारलं, "धोतरा खाल्लाय का यांनी?"

"धोतरा कशाला खातील? ओवा दिला. पोट दुखत होतं म्हणून."

"कुठला ओवा? दाखवा."

मी पुडी आणून दिली. त्यांनी पूड तळहातावर पसरली. काही बिया नीट कुटल्या गेल्या नव्हत्या, त्या त्यांनी नखानं वेगळ्या केल्या, बोटांत चुरडून हुंगल्या. तोवर अंगणात पावलं वाजली. आत्याबाई दारात आल्या. त्यांनी पलंगाकडे पाहिलं. कडेवरचा डबा निसटला, झाकण उडालं आणि पडवीभर गहू पसरला. गहूच. पीठ नाही.

त्या माझ्याकडे आल्या आणि त्यांनी माझे दोन्ही दंड धरले.

"किती दिलंस?"

"चमचाभर."

त्यांनी माझे दंड सोडले. "गिरणीची लाईट गेली होती," त्या कुणाला तरी सांगत होत्या. कुणी विचारलं नव्हतं.

"हा खुरासणी ओवा आहे," डॉक्टर म्हणाले. "नाव ओव्याचं, पण आपल्या ओव्याशी याचं काही नातं नाही. हे विष आहे. जाणकार वैद्य झोपेसाठी, कळेसाठी गुंजभर देतात, तेही हात राखून. चमचाभर? घरात आला कसा हा?"

"मोतीशेठकडून," आत्याबाई खाली बघत म्हणाल्या. "चिठ्ठीवर आणला."

"चिठ्ठी कुणी लिहिली?"

आत्याबाईंनी हात वर केला आणि बोट माझ्याकडे केलं.

मी खुरासणी लिहिलं होतं. मीच लिहिलं होतं. ओवा, खुरासणी. ओवा खुरासणी. डॉक्टर म्हणाले, पोट धुवायला लागेल, आधी दवाखान्यात न्या. आणि मग हळू आवाजात, पण मला ऐकू जाईल असं, "बरंवाईट झालं तर मला पोलिसांत कळवावं लागेल. तेवढं ध्यानात ठेवा." दोन महिन्यांची सून, सासऱ्याला विष, चिठ्ठी सुनेच्या अक्षरातली. पुढचं मला कुणी सांगायला नको होतं.

मामंजींना दोघातिघांनी उचलून नेलं. नेतानाही ते "कुमुदला पाणी द्या, कुमुदला पाणी द्या" म्हणत होते. मी आणि आत्याबाई मागे चालत होतो. मी रडत रडत विचारलं, "आत्याबाई, कुमुद कोण? ते मला कुमुद म्हणत होते. दारात का उभी, आत ये म्हणत होते. करवंदं दिली मला."

आत्याबाई रस्त्यातच थांबल्या. पदराचा बोळा त्यांनी तोंडात कोंबला आणि स्टँडच्या दिशेनं बघत राहिल्या. एवढ्या जोरात हुंदका दाबलेला मी त्याआधी कधी पाहिला नव्हता. मला वाटलं, नवऱ्यासाठी.

मामंजी वाचले. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांना माणसं ओळखू यायला लागली, तिसऱ्या दिवशी ते पडवीतल्या खुर्चीत होते. मधलं त्यांना काही म्हणजे काही आठवत नव्हतं. डॉक्टरांनी पोलिसांचं नाव पुन्हा काढलं नाही. पण चौकशी व्हायची होती, आणि ती हेडमास्तरांनी स्वतः घेतली. मला समोर उभं केलं.

"काय काय लिहिलं होतं?"

"ओवा खुरासणी हिंग सैंधव गूळ."

"हे बघा, आत्तासुद्धा एका दमात म्हणालात. खुरासणी म्हणजे काय?"

मला अजूनही ठाऊक नव्हतं.

"खुरासणी हे तेलाचं बी. इथं डोंगरउतारावर पिकतं. ओवा हा वेगळा जिन्नस, खुरासणी हा वेगळा. दोन्हींच्या मध्ये स्वल्पविराम असेल तर ते अन्न. नसेल तर मोतीशेठ वाचणार खुरासणी ओवा, आणि ते विष. स्वल्पविराम दिला होता?"

मी आठवायचा जीव तोडून प्रयत्न केला. आठवेना. माझ्या पत्रांत कधी नसायचा, तर यादीत कुठून असणार?

"चिठ्ठी कुठाय?"

"चुलीत गेली," आत्याबाई म्हणाल्या.

"मग झालं." त्यांनी मला कोरी वही आणि पेन्सिल दिली. "शंभर वेळा लिहा. ओवा, स्वल्पविराम, खुरासणी. शिक्षा नाही ही. वळण."

मी तेवीस वर्षांची होते. जिन्याखाली बसून मी शंभर ओळी लिहिल्या. ओवा, खुरासणी. ओवा, खुरासणी. आत्याबाई समोर सूप घेऊन तांदूळ निवडत बसल्या होत्या. तांदूळ निवडून झाले तरी उठल्या नाहीत, निवडलेलेच पुन्हा निवडत राहिल्या. मला तेव्हा वाटलं, माझ्यावर पाळत ठेवायला बसल्यात.

शनिवारी हे आले. आधी माझ्याशी बोललेच नाहीत. रविवारी एवढंच म्हणाले, "वाचले म्हणून बरं. नाहीतर मी तुझ्या बापाला काय तोंड दाखवलं असतं?" जणू बापाला तोंड यांनाच दाखवायचं होतं! कुमुदचं विचारलं तेव्हा म्हणाले, "मोठी बहीण. शाळेत शिकवायची, तिथल्याच एका मास्तरशी लग्न केलं. जातीतला नव्हता. आण्णांनी दार लावून घेतलं. चार वर्षं झाली. तिचं नाव या घरात काढायचं नाही."

ते मी काढलं नाही. आणि स्वल्पविराम मात्र मला बावीस वर्षं चिकटला. मी पानात काही वाढलं की मामंजी चमचा थांबवून विचारत, "यात स्वल्पविराम आहे ना, सूनबाई?" पाहुण्यांना सांगत, "आमच्या सूनबाईंचा एक स्वल्पविराम राहिला, तर आमचाच पूर्णविराम होत होता." पाहुणे हसत. मीही हसायची. माझी मुलं ती गोष्ट ऐकत मोठी झाली. औषधाला मी पुन्हा कधी हात लावला नाही. मुलांना तापाची गोळीसुद्धा हे देत. दुकानाची यादी लिहिताना आजही माझा स्वल्पविराम कागदाच्या पलीकडे उमटतो.

दोन हजार सहा साली मामंजी गेले. वयानं गेले, झोपेत. तिसऱ्या दिवशी कुमुदताई आल्या. त्यांना मी पहिल्यांदाच पाहत होते, केस पांढरे झालेले, सोबत बावीस वर्षांचा उंच मुलगा. दारात थबकल्या तशा आत्याबाईंनी जाऊन हात धरून आत आणलं. कुणी काही बोललं नाही. बोलणारं गेलं होतं.

चौदाव्या दिवशी दुपारी मी पडवीत त्यांना चहा दिला. मुलगा मामंजींच्या खुर्चीच्या हातावर टेकला होता. कुमुदताई त्याच्याकडे बघून म्हणाल्या, "वहिनी, याला आजीनं एकदाच पाहिलं होतं. पाच महिन्यांचा होता तेव्हा. आम्ही नाशिकहून कल्याणला निघालो होतो, इथं दीड तास बस थांबणार होती. शेजारच्या सोनारकाकूंच्या पत्त्यावर कार्ड टाकलं, आई स्टँडवर आली. कडेवर दळणाचा डबा. बाळ घ्यायचं तर डबा खाली ठेवायला हवा, हेच तिला सुचेना. दोन्ही कवटाळून उभी राहिली वेडी."

"कधी हो?" मी विचारलं.

"चौऱ्याऐंशीचा मे. मंगळवार होता."

मी हातातली बशी खाली ठेवली आणि आत गेले. आत्याबाई स्वयंपाकघरात भिंतीला टेकून तांदूळ निवडत होत्या. मी त्यांच्यासमोर बसले.

"त्या दिवशी गिरणीची लाईट गेली नव्हती," मी म्हणाले. "आपल्या घरात पंखा चालू होता."

त्यांचा हात सुपात थांबला. मग म्हणाल्या, "प्रमिला, त्या दिवशी आपण दोघी जेवायला बसलो. चटणी कशाची होती?"

"कारळ्याची. मीच कुटली होती."

"आमच्याकडं कारळ्याला काय म्हणतात?"



खुरासणी. कारळं म्हणजेच खुरासणी हे मला लग्नानंतर वर्षा-दोन वर्षांनी कळलं होतं, दसऱ्याच्या आसपास डोंगरउतारावर ती पिवळी फुलं पाहिली तेव्हा. पण तोवर त्या मंगळवारचं ताट मी विसरले होते. खुरासणी घरात आली होती. मी ती भाजली होती, कुटली होती, भाकरीबरोबर खाल्ली होती. मोतीशेठनं चिठ्ठी बरोबर वाचली होती. स्वल्पविराम होता. पहिल्यापासून होता!

"मग तो खुरासणी ओवा?"

"तो मी तोंडी मागितला. यांना झोप नाही, असं शेठला सांगितलं. शेठनं बजावलं होतं, चिमटीच्या वर नको. मला तासभर पाहिजे होता गं, निस्ता तासभर. यांनी डोळा लावला असता, मी जाऊन आले असते. चार वर्षांत तिचं तोंड पाहिलं नव्हतं. ओव्यात मिसळून कुटला, चिमूट दिली, पुडी मागं लपवली. तू चमचा देशील हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं."

"आणि बोट माझ्याकडे केलंत."

"केलं."

"बावीस वर्षं!" माझा आवाज चढला. मला तो आवरता आला नाही. "माझ्या पोरांसमोर हसत होते ते मला. मी स्वतःला काय समजत होते, ठाऊक आहे तुम्हाला? माणूस मारता मारता राहिलेली बाई. रात्र-रात्र झोप नव्हती मला."

"खरं सांगितलं असतं तर यांनी विचारलं असतं, झोपवून गेली कुठं? मग कुमुदचं कार्डसुद्धा बंद झालं असतं. वर्षातून दोन यायची. तेवढ्यावर जगले मी." त्यांनी सूप बाजूला सारलं. "तू शंभर ओळी लिहिल्या. माझी उठायची छाती झाली नाही. म्हटलं, हिच्यासमोर बसायचं तरी. शंभरावी होईस्तोवर बसायचं."

त्यांना धरून हलवावंसं वाटत होतं. त्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या होत्या, हलवलं असतं तर मोडल्या असत्या.

"सगळ्यात वाईट काय सांगू?" त्या म्हणाल्या. "तू दवाखान्याच्या वाटेवर मला सांगितलं, ते म्हणाले दारात का उभी, आत ये. तेव्हा तिची बस स्टँडवरच होती. मला हॉर्न ऐकू आला. मी तिकडं तिला चोरून भेटत होते, आणि हे इथं तिलाच ओच्यात करवंदं देऊ राहिले होते. पुढं एकदा मी धीर करून विचारलं, कुमुदला बोलवू का? तर म्हणाले, कोण कुमुद? शुद्धीत ते कधी म्हणालेच नाहीत, आत ये."

तेवढ्यात पाठीमागून आवाज आला. कुमुदताई रिकामे कप घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी किती ऐकलं असेल? पण त्यांचा चेहरा वेगळ्याच विचारात होता.

"वहिनी, एक विचारू? खरं सांगा. आण्णांनी इतक्या वर्षांत माझं नाव कधी काढलं? एकदा तरी?"

आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. खरं सांगायचं तर मला त्या क्षणी त्यांचं तोंड बघायची इच्छा नव्हती. सांगून टाकावं सगळं, वाटलं. पुडी, चिमूट, ते बोट. माझ्या जिभेवर आलं होतं. कुमुदताई कप हातात धरून वाट बघत होत्या.

"काढलं होतं," मी म्हणाले. "मी स्वतः ऐकलं. तुम्हाला करवंदं खुडून देत होते. म्हणाले, काळी काळी घे. म्हणाले, कुमुद, दारात का उभी, एवढ्या उन्हाची आलीस, आत ये ना, बाळ."

त्यांनी हातातले कप खाली ठेवले. "पण असं कसं म्हणाले? आण्णा?"

"औषध जास्त झालं होतं त्यांना त्या दिवशी," मी म्हणाले. "माझ्या हातून. यादीत माझा एक स्वल्पविराम राहिला होता."